'बेटर' म्हणजे 'अधिक चांगलं' असं शिकवणं थांबवू या का?

निळी_शाई

बरीच वर्षं मनात असलेला विषय आहे, आज सविस्तर लिहिते.

नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या पुण्यातल्या ऑफिसचं काम इंग्लंडमधल्या एका कंपनीसाठी चालायचं. तिथल्या एका वयानं आणि हुद्द्यानं मोठ्या बाईंकडून आकड्यांची फाइल यायची होती, ती येत नव्हती. मी खूप विचार करून, शक्य तितक्या नम्रपणे ईमेल लिहिली: 'यू हॅड बेटर सेंड द फाइल बाय टुमॉरो.' शाळेत पाठ केलेलं होतं, बेटर म्हणजे अधिक चांगले. त्यात 'हॅड' आलं की वाक्य भूतकाळात जाऊन आणखी सौम्य होतं, अशी माझी समजूत. मनात मराठी वाक्य असं होतं: 'आपण उद्यापर्यंत फाइल पाठवलीत तर अधिक चांगले होईल.'

फाइल तासाभरात आली. सोबत माझ्या साहेबांना वेगळी ईमेलही आली, की तुमच्याकडची ही मुलगी मला धमकी का देते आहे? साहेबांनी मला बोलावून विचारलं तेव्हा माझी चूक काय तेच मला कळेना. त्यांनाही नीट सांगता आलं नाही. 'जरा उद्धट वाटतं ते' एवढंच म्हणाले. त्या रात्री मी झोपले नाही.

आज मला जे कळलंय ते असं. 'यू हॅड बेटर' ही सूचना नसते, ताकीद असते. 'हे कर, नाहीतर परिणाम भोग' यातलं 'नाहीतर' त्यात न बोलता बसलेलं असतं. पोलीस गाडीवाल्याला, आई ऐकत नसलेल्या मुलाला, डॉक्टर सिगारेट न सोडणाऱ्या रोग्याला असं म्हणू शकतात. नव्या मुलीनं वरिष्ठ बाईंना म्हणायचं ते वाक्य नव्हे.

आता हेच मराठीत कसं म्हणू? 'उद्यापर्यंत फाइल पाठवलेली बरी.' हे वाक्य मी त्या बाईंना कधीतरी म्हटलं असतं का? मुळीच नाही! 'माझ्या वाटेला न गेलेलं बरं', 'मुकाट्यानं घरी गेलेलं बरं', 'वेळेवर आलास तर बरं'. या प्रत्येक 'बरं'च्या मागे 'नाहीतर' उभं आहे आणि ते आपल्याला कुणी न शिकवता ऐकू येतं. म्हणजे नेमका शब्द माझ्याजवळ होता, घरातला होता. शाळेनं तो बाजूला सारून 'अधिक चांगले' हा कागदी शब्द हातात दिला आणि मी फसले.

दुसरी गोष्ट. 'अधिक चांगलं' म्हटलं की मुळात काहीतरी चांगलं होतं आणि त्याहून हे जास्त चांगलं, असा भास होतो. 'बेटर'ला तशी काहीच अट नाही. शंभरपैकी २२ गुणांपेक्षा २८ बेटर, पण ३५ लागतात तिथे दोघंही नापासच. आपली म्हणच आहे, दगडापेक्षा वीट मऊ. वीट मऊ नसते हे सगळ्यांना माहीत आहे. ती फक्त दगडापेक्षा मऊ. 'त्यातल्या त्यात बरं' या तीन शब्दांत 'बेटर'चा गाभा आहे.

तर माझं म्हणणं असं: मुलांना 'बेटर' शिकवताना आधी 'बरं' द्यावं. चांगला, अधिक चांगला, सर्वांत चांगला हा तक्ता नंतर. तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

गुलबक्षी

ताई, अगदी पटलं. माझा एक प्रश्न आहे. लोक 'यूड बेटर' म्हणतात त्यातलं शेवटचं 'ड' म्हणजे 'वुड' ना? मी आजवर तसंच समजत होते. आणि 'हॅड' असूनही ते उद्याबद्दल कसं बोलतं?

निळी_शाई

गुलबक्षी, ते 'हॅड'च आहे, 'वुड' नाही. आणि इथे 'हॅड'चा भूतकाळाशी संबंध उरलेला नाही. 'आता' किंवा 'लवकरच' करायच्या एखाद्या ठरावीक गोष्टीबद्दलच ते बोलतं. म्हणून 'रोज व्यायाम करावा' अशा कायमच्या उपदेशाला ते चालत नाही, तिथे 'शुड'.

पुढे क्रियापद मूळ रूपातच येतं, मध्ये 'टू' नाही. 'हॅड बेटर टू गो' चूक, 'हॅड बेटर गो' बरोबर. नकार करायचा तर 'नॉट' बेटरच्या नंतर: 'यू हॅड बेटर नॉट टेल हिम.' बोलताना पुष्कळ जण 'हॅड' गाळून नुसतं 'यू बेटर गो' म्हणतात. ऐकलं तर दचकू नका, मात्र लिहिताना 'हॅड' ठेवा.

आणखी एक. कर्ता 'आय' किंवा 'वी' असेल तर सगळी धार निघून जाते. 'आयड बेटर गो' म्हणजे 'चला, निघालेलं बरं आता'. पाहुणा उठताना म्हणतो तसं. कुणालाही खुशाल म्हणावं. धार येते ती 'यू'ला लावलं की. आपल्या 'बरं'चंही तसंच आहे. स्वतःपुरतं 'निघालेलं बरं' किती मवाळ, आणि समोरच्याला 'तू निघालेलं बरं' म्हणून बघा.

रात्रपाळी

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला नर्स आहे. निळी_शाई, तुझं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे हा शब्द दिवसातून शंभरदा वापरला जातो आणि त्याच्या गैरसमजाचा त्रास मी डोळ्यांनी पाहिला आहे.

एका आजोबांना न्यूमोनिया झाला होता. सकाळी डॉक्टर म्हणाले, 'ही इज बेटर टुडे.' घरच्यांनी ऐकलं: आजोबा बरे झाले. मुलगा कामावर निघून गेला, सुनेनं घरी नेण्यासाठी कपडे आणले. खरं तर ताप थोडा उतरला होता, ऑक्सिजन चालूच होता. संध्याकाळी पुन्हा श्वास लागला तेव्हा त्या बाई मला म्हणत राहिल्या, 'सकाळी बरे झाले म्हणाला होतात ना!' त्यांचा चेहरा अजून आठवतो.

पण त्यांची चूक म्हणावी तर तसंही नाही, कारण इंग्रजीत 'बेटर'ला आजारपणात दोन अर्थ आहेतच. एक, आधीपेक्षा सुधारणा. दुसरा, पूर्ण बरा. 'डोंट गो टू स्कूल अंटिल यू आर बेटर' यातलं बेटर तुलनेचं नाहीच. पूर्ण बरा होईपर्यंत शाळेत जाऊ नको, असं ते सांगतं. लहान मुलाचं खरचटलेलं ढोपर बरं झालं की 'ऑल बेटर' म्हणतात, तिथेही काही राहिलेलं नसतं.

ओळखायचं कसं? माझी खूण अशी. 'अ बिट', 'अ लिटल', 'मच' किंवा 'दॅन यस्टर्डे' असं काही सोबत असेल तर सुधारणा. 'कंप्लीटली', 'ऑल' असेल किंवा 'अंटिल', 'व्हेन' आधी असेल तर पूर्ण बरं होणं. नुसतं 'ही इज बेटर' म्हटलं तर विचारायलाच हवं. मी नातेवाइकांना सांगून ठेवते, डॉक्टरांना सरळ विचारा: बेटर दॅन यस्टर्डे, की घरी जाण्याइतके बेटर?

मराठीत ही अडचण येत नाही, कारण आपण फरक क्रियापदात ठेवतो. 'बरं वाटतंय' म्हणजे सुधारणा. 'बरा झालो' म्हणजे संपलं. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द आणि एकच 'इज'. म्हणून 'बेटर'चा अर्थ 'बरं' हे मान्य, पण कुठलं बरं, वाटणारं की झालेलं, हेही त्याच दिवशी शिकवा.

फळा_खडू

मी २६ वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतो आहे. धागा चांगला आहे, पण माझा विरोध नोंदवतो.

आजच्या मराठीत 'बरं' म्हणजे जेमतेम. 'जेवण कसं होतं?' 'बरं होतं.' यजमानीणबाईंना हे ऐकून आनंद होईल का? आता 'युअर एसे इज बेटर दॅन हर्स' हे वाक्य घ्या. 'तुझा निबंध तिच्या निबंधापेक्षा बरा आहे' असं भाषांतर केलं तर मुलीचं कौतुक होण्याऐवजी तिला वाटेल, दोन्ही निबंध सुमारच आहेत. मूळ वाक्यात तसं काही नाही. 'अधिक चांगला' हा तक्त्यातला शब्द असेल, पण तो कुणाला दुखावत नाही. वर्गात ५५ मुलं असतात. सगळ्यांना लागू पडेल असं काहीतरी एक सांगावं लागतं.

निळी_शाई

सर, तुमचा मुद्दा मला मान्य आहे. कौतुकाच्या वाक्यात 'बरा' कमी पडतो. पण तिथेही 'अधिक चांगला'च कशाला? तुमच्या वाक्याला मी म्हणेन, 'तुझा निबंध तिच्यापेक्षा सरस आहे.' किंवा 'उजवा आहे'. दोघांत झुंज असेल आणि एकानं दुसऱ्याचा 'बेटर' केला, म्हणजे 'गॉट द बेटर ऑफ हिम', तर आपण म्हणतो 'वरचढ ठरला'. कुणी मोठं केलं आणि दुसऱ्यानं त्याहून मोठं केलं, 'वेंट वन बेटर', तर तो 'सवाई' निघाला. हे चारही शब्द कुठल्याही गावातल्या मुलाला येतात. 'अधिक चांगला' मी आजवर एकाही आजीच्या तोंडून ऐकलेला नाही. भाषांतराचा शब्द तोच असावा जो मूल घरी वापरतं, एवढाच माझा आग्रह आहे.

माडाची_सावली

मी वेंगुर्ल्याचा, नोकरी पणजीला. फळा_खडू सरांनी 'बरं म्हणजे जेमतेम' म्हटलं ते देशावर खरं असेल. आमच्याकडे बरा म्हणजे खरंच चांगला. 'बरो मनीस' म्हणजे सज्जन माणूस, त्यात जराही उणं नाही. गोव्यात कुणाचे आभार मानायचे तर म्हणतात, 'देव बरें करूं'. देव तुझं भलं करो. देवाकडे कुणी जेमतेम मागत नाही! मालवणीत भेटल्यावर पहिला प्रश्न 'बरां आसा मां?' आणि तो अगदी मनापासून असतो.

देशावरच्या जुन्या पत्रांतही 'आम्ही सर्व बरे आहोत' असंच लिहीत. तेव्हा 'जेमतेम आहोत' असं कुणाला कळवायचं नव्हतं. शब्दाची किंमत मधल्या काळात घाटावर उतरली असावी, असं मला वाटतं. कुणी जाणकार सांगेल का?

कृष्णाकाठ

जाणकार नाही, वाईला संस्कृत शिकवत असे एवढंच. या धाग्यानं आज सकाळ सुंदर केली.

'बरा' हा संस्कृत 'वर' शब्दाचा वंशज. वर म्हणजे निवडलेला, म्हणून श्रेष्ठ. नवऱ्या मुलाला वर म्हणतात तोही निवडलेला म्हणूनच. आणि संस्कृतात 'वरम्' हा शब्द 'बेटर'चं काम सरळ करतो. 'वरमेको गुणी पुत्रो न च मूर्खशतान्यपि' हे सुभाषित अनेकांना पाठ असेल. एक गुणी मुलगा बरा, शंभर मूर्ख नकोत. 'वरम् ... न' ही जोडी म्हणजे 'हे बरं, ते नको'. म्हणजे निळी_शाई यांनी जोडलेलं नातं नवं नाही, 'बरं'च्या पोटात तुलना पहिल्यापासून आहे. ती निवड आहे. निवडीत उत्तमही येतं आणि त्यातल्या त्यात कमी वाईटही येतं. कोकणानं पहिली छटा सांभाळली, घाटावर दुसरी जास्त रुजली.

मुलं नेहमी विचारतात, गुडचं 'गुडर' का होत नाही? त्यांना सांगावं की हे एकट्या इंग्रजीचं नाही. संस्कृतात 'प्रशस्य' म्हणजे स्तुत्य, चांगला. त्याची पुढची रूपं श्रेयस् आणि श्रेष्ठ. मूळ शब्द पार बदलला! पाणिनीनं त्यासाठी सूत्रच केलं: 'प्रशस्यस्य श्रः'. गुड, बेटर, बेस्ट आणि प्रशस्य, श्रेयस्, श्रेष्ठ, एकाच धाटणीची त्रिकुटं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला 'श्रेयान् स्वधर्मो विगुणः' हा चरण आठवा. विगुण, म्हणजे उणीव असलेला, तरीही श्रेयान्. बेटर असायला गुड असावं लागत नाही हे तिथे इतकं स्वच्छ सांगितलं आहे.

आता 'बेहत्तर'. 'प्राण गेला तरी बेहत्तर' यातला हा शब्द फारसीतून आला. फारसी 'बेहतर' आणि इंग्रजी 'बेटर' यांचा अर्थ एक, उच्चारही जवळपास एक, म्हणून ते भाऊ असावेत असं कुणालाही वाटेल. पण ते भाऊ नाहीत. बेहतर हा 'बेह' अधिक 'तर', आणि हा 'तर' म्हणजे आपल्या उच्चतर, लघुतरमधला सख्खा 'तर'. इंग्रजी बेटरमधला 'टर' मात्र तसा तुटत नाही. तिथे धातू 'बेट' आणि प्रत्यय 'अर'. तो 'अर' नात्यानं श्रेयस्, गरीयस् यांतल्या 'ईयस्'चा. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द शेवटी एकसारखे दिसू लागले.

आणि गंमत पाहा, फारसीतलं 'बेह' जुन्या काळी स्वतःच 'अधिक चांगलं' या अर्थाचं होतं. त्याला पुन्हा 'तर' लागला. म्हणजे बेहतर हा मुळात 'मोर बेटर'! मराठीत आल्यावर त्याची तुलनाही विरली आणि 'हरकत नाही, पत्करलं' एवढाच अर्थ उरला.

शेवटचं. 'हॅड बेटर'च्या आधी जुन्या इंग्रजीत 'मला ... बरं होईल' अशीच रचना होती, त्यात 'मी' नव्हे तर चतुर्थीतला 'मला' असे. पुढे 'मला'चा 'मी' झाला आणि 'आय हॅड बेटर' रूढ झालं. 'मला गेलेलं बरं' म्हणणाऱ्या मराठी माणसाला ती जुनी इंग्रजी परकी वाटली नसती.

परभणीचा_परीक्षार्थी

सर्वांना नमस्कार. स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. कृष्णाकाठ सर, तुम्ही 'मोर बेटर' लिहिलंत, पण परीक्षेत ते चूक धरतात ना? अजून दोन शंका. 'शी इज द बेटर ऑफ द टू' यात 'द' का? आणि 'सुपीरियर दॅन' चूक, पण 'बेटर दॅन' बरोबर, असं का?

फळा_खडू

बाळा, हे माझ्या रोजच्या कामातलं आहे, मी सांगतो.

'मोर बेटर' आज चूकच. बेटरमध्ये 'मोर' आधीच आहे. शेक्सपिअरच्या काळी अशी दुहेरी तुलना चालत असे, त्याच्या नाटकांतही ती सापडते, पण परीक्षेत तो आधार चालणार नाही. तसंच 'व्हेरी बेटर' चूक. आपण 'खूप बरं वाटतंय' म्हणतो म्हणून मुलं ही चूक हटकून करतात. व्हेरी जातं गुडसोबत. बेटरसोबत 'मच', 'फार' किंवा 'अ लॉट'.

दोघांतून एकीला बोट दाखवून निवडलं म्हणून 'द' आला. दोघीच असतील तर 'बेटर', तिघी किंवा जास्त असतील तर 'बेस्ट'. बोलताना लोक दोघींतही 'बेस्ट' म्हणतात, पण पेपरात 'बेटर'च लिही.

सुपीरियर, इन्फीरियर, सीनियर, ज्युनियर, प्रायर हे लॅटिनमधून आलेले शब्द, ते 'टू' घेतात. बेटर अस्सल इंग्रजी घरचा, तो 'दॅन' घेतो.

निळी_शाई, 'सरस' आणि 'उजवा' मी काल वर्गात वापरून पाहिले. 'उजवा'वर मागच्या बाकावरची मुलंही बोलायला लागली. माझा विरोध अर्धा मागे घेतो. तक्ता राहू द्या, पण तुमचे शब्द त्याच्या शेजारी लिहीन.

गुलबक्षी

एक माझ्याकडून. 'द बेटर पार्ट ऑफ ॲन अवर' यातला बेटर चांगला किंवा बरा यांपैकी काहीच नाही. तो 'मोठा' आहे. तासातला मोठा भाग, म्हणजे जवळजवळ तासभर. मी एकदा याचं भाषांतर 'तासाभरातला सर्वात छान वेळ' असं करून बसले होते, आणि मूळ वाक्यात तो माणूस रांगेत ताटकळत होता!

रात्रपाळी

गुलबक्षी, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. कृष्णाकाठ काका, 'वर' आणि 'बरा' वाचून आईला फोन करून सांगितलं.

परभणीचा_परीक्षार्थी

निळी_शाई ताई, मी चार वाक्यं केली आहेत. तपासाल का?

१. आजी इज मच बेटर दॅन लास्ट वीक.
२. आय हॅड बेटर स्टार्ट रिव्हिजन नाऊ.
३. आजी, यू हॅड बेटर टू टेक युअर मेडिसिन.
४. बोथ रूम्स आर बॅड, बट दिस वन इज बेटर.

निळी_शाई

पहिलं, दुसरं आणि चौथं अगदी बरोबर. चौथं वाचून छान वाटलं, दगड आणि वीट तुझ्या लक्षात राहिलेत.

तिसऱ्यात 'टू' काढून टाक. मग व्याकरण बरोबर होईल, पण आजीला तसं म्हणू नकोस. 'आजी, गोळी घेतलेली बरी' असं तू घरी दरडावून म्हणतोस का? 'आजी, गोळी घेतेस ना?' असंच म्हणत असशील. मग इंग्रजीतही तेच: 'आजी, विल यू टेक युअर मेडिसिन?'

त्या बाईंना तेव्हा मी 'कुड यू प्लीज सेंड द फाइल बाय टुमॉरो?' असं लिहायला हवं होतं. पुढे दोन वर्षं आम्ही एकत्र काम केलं. त्यांना हे सगळं समजावून सांगावं असं अनेकदा वाटलं, पण तेव्हा माझ्याकडे 'बरं'चं हे स्पष्टीकरण नव्हतं. त्या निवृत्त झाल्यात. पत्ता मिळाला तर आता लिहिणार आहे.